पाय दाराकडे

ढगे सरांबद्दल लिहा, असं मला आजवर अनेकांनी सांगितलं. त्यांच्या जिंतूरच्या शाळेच्या मुलांना स्मरणिकेसाठी काहीतरी हवं होतं. सर गेले तेव्हा त्यांच्या गावच्या लोकांनी शोकसभेत दोन शब्द बोला म्हणून आग्रह केला. मी दर वेळी कारण काढलं. कधी डोळ्याचं ऑपरेशन पुढं केलं, कधी रक्तदाब. खरी गोष्ट अशी की सरांबद्दल बोलायचं तर एका सकाळबद्दल बोलावं लागतं, आणि त्या सकाळबद्दल बोलायचं तर माझ्याबद्दल. ते टाळण्यात बरीच वर्षं गेली. आता वय असं झालंय की टाळायलासुद्धा फार दिवस उरलेले नाहीत.

सर परभणीला आमच्या कॉलनीत राहायला आले ते निवृत्त झाल्यावर. हयातभर त्यांनी भूगोल शिकवला. मूळचे राणीसावरगावचे. घरी मेंढरं होती, भाऊ अजूनही मेंढरं राखायचा. सर उंच, काटकुळे, आणि चालताना पाठ अशी सरळ की लांबून काठीच चालत येतेय असं वाटावं. काखेत घरच्या लोकरीचं काळं घोंगडं गुंडाळलेलं असायचं. त्याच घोंगड्यावर ते योगासनं करायचे. कॉलनीत बहुतेकांनी बाजारातून रंगीत चटया आणल्या होत्या. सर म्हणायचे, "चटईवर झोप लागती. घोंगडं टोचतंय, माणूस जागा राहतो."

भूगोल त्यांच्या अंगात भिनला होता. डावं-उजवं हे शब्द त्यांच्या बोलण्यात नव्हतेच. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला सांगायचे, "जिलेबीच्या आग्नेयेला वाढ बाबा, भाताच्या नको." तो पोरगा वाडगं घेऊन बावचळून उभा. त्यांच्या बायको सुमनबाई हसून म्हणायच्या, "आमच्या घरात मीठबी नैऋत्येला असतंय. पाहुणी आली की तिला आधी शिकवावं लागतंय."

मी पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होतो. खुर्चीत बसून बसून कंबर धरली होती. एकदा सकाळी अंगणात पडलेला पेपर उचलायला वाकलो आणि मध्येच अडकलो. सर रस्त्यानं चालले होते. फाटकापाशी थांबून म्हणाले, "सचिव, क्रेन मागवू का?"

सचिव म्हणजे मी. कॉलनीतल्या मारुतीच्या देवळाची आमची समिती होती, तिचा मी सचिव होतो. सर मला कधी नावानं हाक मारत नसत.

त्यांनी मला त्या दिवशी ओट्यावर उताणं झोपवलं आणि गुडघे हळूहळू पोटाशी घ्यायला लावले. "जोर करू नका. अंगाला हुकूम करायचा नाही, विनंती करायची. तुमी हापिसात जिंदगीभर हुकूम काढले, आता जरा विनंती अर्ज करून बघा." आठवडाभरात मी पेपर उचलायला लागलो. मग माझ्याच मनात आलं की सगळ्यांसाठी वर्ग सुरू करावा. समितीचे अध्यक्ष नामदेवराव कापसे. त्यांना पटवून मी सभामंडप मिळवून दिला. या गोष्टीचा मला मोठा अभिमान होता.

वर्ग चांगला भरायला लागला. पुढं पुरुष, मागं बायका. माझी बायको त्यात होती. नामदेवरावांचे मोठे भाऊ बाबाराव होते. धान्याच्या मोंढ्यात त्यांची आडत, देह अवाढव्य, आवाज त्याहून मोठा. वाकायची वेळ आली की ते ओरडायचे, "सर, पोट आडवं यायलंय हो!"

"पोट राहू द्या तिथंच. तुमी वाका."

शवासनात मात्र बाबाराव पहिले. डोळे मिटले की घोरायला सुरुवात. बायका पदर तोंडात धरून हसायच्या. सर सांगायचे, "हसू नका. आता काहीच करायचं न्हाई. सगळ्यात अवघड हेच हाय."

सरांच्या धर्माबद्दल कॉलनीत कुजबुज असायची. ते आरतीला थांबत नसत. उपास करत नसत. रोज वर्गाच्या आधी गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी उभं राहून हलक्या आवाजात "हजर" म्हणायचे आणि वळायचे. नमस्कार नाही, नारळ नाही. काहींना त्यात थट्टा वाटायची. शेवटी मीच विचारलं, "सर, एकदा काय ते नक्की सांगा. तुमचा देवावर विश्वास आहे की नाही? लोक मला विचारतात."

ते म्हणाले, "शाळेत पोरं हजेरी द्यायची, ती काय मास्तरवर विश्वास होता म्हणून? आलोय एवढं सांगायचं. पुढचं मास्तर बघतो."

"आणि काही मागावंसं वाटलं तर?"

"हजेरीच्या टायमाला कुणी काही मागत न्हाई, सचिव. मागं बसलेल्या पोरांचा खोळंबा होतो."

मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या तासभर पूजेपेक्षा त्यांचं बरंय."

आता त्या दिशांच्या भांडणाकडे यायला हवं.

आमचा मारुती दक्षिणमुखी. म्हणजे देव उत्तरेला, सभामंडप त्याच्या समोर, आणि दार दक्षिणेला. मंडपाच्या पूर्वेच्या भिंतीत महादेवाची देवळी, पश्चिमेला शनीची शिळा. सर सुरुवातीला सगळ्यांना पूर्वेला डोकं करून झोपवायचे. महिनाभर काही नाही. मग एका बाईंच्या लक्षात आलं की आपले पाय शनीकडे होतायत. झालं! त्यांच्या सुनेला त्याच आठवड्यात ताप आला होता. दुसऱ्या दिवशी सरांनी डोकी पश्चिमेला करायला लावली, तर पाय महादेवाकडे. महादेवाचे उपास करणाऱ्या बायका उठून बसल्या. बाबाराव म्हणाले, "मारुतीकडं पाय करू का मग? आमच्या वजनाला त्योच पेलंल." हशा झाला, पण दोन बायका वर्ग सोडून घरी गेल्या.

वर्ग संपल्यावर सर आणि मी देवळाच्या पायरीवर बसलो होतो. तिसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "सर, एकच बाजू उरली. डोकं देवाकडे, पाय दाराकडे."

सरांनी पायरीवर बोटानं मंडपाचा नकाशा काढला. मग म्हणाले, "डोकं उत्तरेला येतंय, सचिव. पाय दक्षिणेला."

आमच्याकडे जिवंत माणूस असा झोपत नाही. माणूस गेला की त्याला खाली घेतात आणि तसा निजवतात. हे लहान मुलालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण रोजच्या कटकटीनं मी वैतागलो होतो, आणि वर्ग बंद पडला तर माझाच कमीपणा होणार होता.

"देवासमोर कसली आलीय दिशा?" मी म्हणालो.

"मला काही न्हाई. दिशा माणसाच्या सोयीसाठी असतात, हे मी पोरांना शिकवलंय. पण उद्या काही इकडचं तिकडं झालं तर लोक बोलतील. त्यापेक्षा शवासन बसून घेऊ. जमतंय तसंही."

"बसून कसलं शवासन? तुम्ही माझ्यावर सोडा. कुणी बोललं तर मी बघतो."

सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून सगळे तसे झोपायला लागले. वर्गात सूचना सरांनीच दिली, त्यामुळे ठरवलं त्यांनीच असं सगळ्यांना वाटलं. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, "कसा तोडगा काढला बघ." तेवढी एकच साक्षीदार.

लोकांनी तक्रार केली नाही. पाय देवाकडे होत नाहीत, या समाधानात बाकीचं विसरलं गेलं. वर्ग पुन्हा भरला.

ती सकाळ थंडीची होती. शवासन सुरू झालं. मंडपात शांतता होती, बाबारावांचं घोरणं ऐकू येत नव्हतं. सर त्यांच्याजवळून गेले आणि हळूच म्हणाले, "आज बाबारावांना जमलं." आम्ही डोळे मिटूनच हसलो. मग सर म्हणाले, कुशीवर वळा आणि उठा. सगळे वळले. बाबाराव वळले नाहीत.

सरांनी त्यांच्या छातीवर दाब देऊन पाहिला, तोंडात हवा फुंकली. घामाघूम झाले. रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की हृदय बंद पडलं, घरी गादीवर असते तरी हेच झालं असतं. पण डॉक्टरांचं ऐकायला तिथं आम्ही दोघं-तिघंच होतो. मंडपात मात्र तीस माणसांनी बाबारावांना उत्तरेला डोकं आणि दक्षिणेला पाय करून पडलेलं पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला उलगडा झाला.

तेरावं झाल्यावर देवळात बैठक बसली. नामदेवराव भावाच्या दुःखानं खचले होते. डोळे सुजलेले. ते म्हणाले, "माझ्या भावाला जित्तेपणी प्रेतासारखं निजवलं. वरून म्हणाले, आज जमलं. हे असं निजवायचं कुणी ठरवलं? मला खुलासा पाहिजे."

मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. सर समोर, भिंतीला न टेकता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, विनवणीही नव्हती. ज्या पोराला उत्तर येतंय हे मास्तरला माहीत आहे, त्या पोराकडे मास्तर बघतो तसं ते बघत होते. मी वर घंटेकडे बघत राहिलो. घंटेला कोळ्याचं जाळं लागलं होतं. ते मला आजही रेषेरेषेनं आठवतं.

सर म्हणाले, "निजवत मीच होतो."

"म्हंजे तुमीच ठरवलं?"

"वर्ग माझा होता, नामदेवराव."

एवढंच. खोटं ते बोलले नाहीत. माझं नावही घेतलं नाही. वर्ग बंद करायचं ठरलं, आणि तो ठराव वाचून दाखवायचं काम सचिव म्हणून मी केलं. माझा आवाज कापलासुद्धा नाही.

घरी आल्यावर बायकोनं ताट वाढलं आणि विचारलं, "तुमी बोलला का न्हाई?" मी भात कालवत राहिलो. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मी गप्प का बसलो, हे आज नीट सांगायला हवं. नामदेवरावांची भीती होती, ती एक. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मला स्वतःला ते खरं वाटत होतं. देवासमोर कसली दिशा, असं ऐटीत म्हणणारा मी, आतून पक्का समजत होतो की बाबारावांना मी मारलं. पिंगळी गावच्या एका गुरुजींकडे जाऊन गुपचूप शांत करून घेतली. त्यांनी विचारलं, कशाबद्दल? मी म्हणालो, घरात आजारपण आहे. देवाच्या नावानं संकल्प सोडतानाही खोटं बोललो.

सरांचं त्यात काय गेलं, ते बाहेरून फारसं दिसत नव्हतं. निवृत्त माणसाला सकाळी उठून जायला एक जागा होती, ती गेली. ज्यांच्या गुडघ्यांना, दम्याला त्यांच्यामुळे आराम पडला होता, ती माणसं रस्ता बदलायला लागली. टवाळ पोरं त्यांना "उत्तरेचे सर" म्हणायची. सुमनबाईंना दोन घरांतून हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. सुमनबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मी दिसलो की पदर सारखा करून आत जायच्या. सरांनी त्यांना सांगितलं असावं, किंवा त्यांना न सांगताच कळलं असावं.

सर मात्र माझ्याशी होते तसेच वागत. तेच मला सहन होत नसे. रस्त्यात भेटले की "काय सचिव, कंबर काय म्हणायलीय?" त्यांनी एकदा जरी टोमणा मारला असता तरी मी मोकळा झालो असतो.

मग माझी बायको गेली. छोटंसं आजारपण झालं आणि गेली. मुलगी दिवस करून पुण्याला परत निघून गेली, आणि घर मोठं झालं. मला झोप येईना. छातीत दाटून यायचं, श्वास अर्ध्यावर अडायचा. देवपूजेला बसलो की मंत्र तोंडानं चालायचे आणि मन घंटेच्या जाळ्याकडे.

एका दुपारी सर आले. काखेत घोंगडं. न विचारता ते जमिनीवर पसरलं आणि म्हणाले, "पडा."

मी उभाच राहिलो. विचारलं, "डोकं कुठं करू?"

हा प्रश्न मी त्यांना विचारावा!

सर म्हणाले, "उशी असंल तिकडं."

मी पडलो. ते शेजारी मांडी घालून बसले. "श्वास घ्यायची फिकीर करू नका. तो आपला आपण येतो. तुमी फक्त सोडा. तुमाला सोडणं जमत न्हाई."

मी म्हणालो, "सर, मला त्या बैठकीबद्दल..."

"आत्ता बोलायचं न्हाई. श्वासाकडं ध्यान द्या."

मला बोलू न देणं हा त्यांचा शिकवण्याचा नियम होता. मी त्या नियमाआड लपलो. ते रोज येत राहिले, दोन-अडीच महिने. रोज जाताना फाटकापाशी थांबायचे, आणि रोज मी "या परत" एवढंच म्हणायचो. हळूहळू मला झोप लागायला लागली. आजही मी सकाळी उठून तेच करतो. आधी देवापुढं बसून यादीभर मागणं मागायचो, ते सुटलं. आता नुसता बसतो, श्वास सोडतो. त्याला भक्ती म्हणावं की नाही, मला सांगता येणार नाही. पण जे काही आहे ते ज्यांनी दिलं, त्यांचंच मी नाव घालवलं होतं.

पुढं सरांच्या भावाला लकवा झाला आणि सर सुमनबाईंना घेऊन राणीसावरगावला राहायला गेले. घरातली मेंढरं बघायला माणूस नव्हता. वर्षभर मी जाऊ-जाऊ म्हणत होतो. शेवटी एक दिवस गंगाखेडची बस धरली, तिथून पुढं दुसरी. रस्ताभर काय बोलायचं ते मनात जुळवत होतो.

सर गावाच्या कडेला शाळेच्या मैदानात सापडले. ज्वारी काढून आलेल्या बायका, एक-दोन म्हातारे, आणि त्यांच्यासमोर सर. वर्ग! बायका लुगड्याचा काष्टा घालून कमरेतून वाकत होत्या आणि एक जण ओरडत होती, "सर, हे आसन तर आमी दिसभर रानात करतावच की!" सर म्हणाले, "रानात मालकासाठी करता. इथं सोतासाठी करा." मागं मेंढरं चरत होती.

मला बघून ते खुलले. सगळ्यांना थांबवलं आणि माझा हात धरून पुढं नेलं. "हे आमचे परभणीचे सचिव. मला पहिल्यांदा वर्गाला जागा यांनी दिली. देवळात! कुणाची हिंमत झाली नसती. हे नसते तर मी कुणालाच काही शिकवलं नसतं."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्यानं येऊन माझ्या पायाला हात लावला. मी जुळवून आणलेली सगळी वाक्यं तिथंच बसली. टाळ्या वाजवणाऱ्या लोकांसमोर सांगायचं कसं? मनात म्हटलं, जेवताना सांगू. जेवताना सुमनबाई वाढत होत्या. त्यांनी मला भाकरी वाढली, वर तूप घातलं, आणि पहिल्यांदाच विचारलं, "तब्येत बरी हाय का?" मी बरी आहे म्हणालो. म्हटलं, निघताना सांगू.

सर बसपर्यंत सोडायला आले. बस लागलेली होती. त्यांनी माझी पिशवी खिडकीतून आत दिली. मी सीटवर बसलो, वाकलो, तोंड उघडलं. कंडक्टरनं घंटी दिली. सर खाली उभे होते, उन्हामुळे डोळ्यांवर हात धरून. मी काही बोलतोय असं त्यांना वाटलं असावं. दुसरा हात कानामागं नेऊन ते बसबरोबर चार पावलं चालले. मग बस पुढं निघाली आणि ते रस्त्याच्या कडेला थांबले, पाठ तशीच सरळ.

त्यानंतर चार महिन्यांनी ते गेले. सकाळी वर्ग घेऊन आले, अंगणात बसले, आणि गेले. मला दोन दिवसांनी कळलं.

मागच्या आठवड्यात मी नामदेवरावांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तेही आता थकलेत. बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "आता कशाला सांगायलाव? मला तवा कुणावर तरी राग काढायचा होता. तुमी सांगितलं असतं तर तुमच्यावर काढला असता. चार दिवसांत उतरला असता." चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "सरांवर मी काढला, आणि त्यांनी ठेवून घेतला."

कॉलनीतल्या लोकांसाठी हे लिहून काढलं. ज्यांच्यासाठी लिहायचं होतं ते वाचणार नाहीत. बसमध्ये जुळवलेली वाक्यं मला अजून पाठ आहेत, ती तेवढी इथं ठेवतो.

सर, डोकं देवाकडं आणि पाय दाराकडं करा, हे मी सांगितलं होतं. तुम्ही नको म्हणत होता. माझ्यावर सोडा असं मी म्हणालो, आणि तुम्ही सोडलंत. बैठकीत उभं राहून एवढंच सांगायचं होतं, ते माझ्याच्यानं झालं नाही. मला माफ करा.